ढगातले विमान आणि हाताचा सराव



कामगार संघटनेत केस पांढरे झालेल्या माणसांनी विमानविद्येच्या इतिहासावर बोलायला उभे राहावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही विमान चालवलेले नाही. जे काही जाणतो ते वाचून आणि विचारून. परंतु आपल्या छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ चिकलठाण्याला आहे, आणि चिकलठाण्यालाच औद्योगिक वसाहतही आहे. लेथवर उभा असलेला टर्नर आणि विमानाच्या नाकात बसलेला वैमानिक हे एका अर्थी शेजारी आहेत. दोघेही पगारदार, दोघेही हाताचे कसबी, आणि दोघांपुढेही एक प्रश्न सारखाच उभा आहे. कसब एकदा शिकले, परीक्षा दिली, शिक्क्याचा कागद हाती आला, म्हणजे ते जन्मभर पुरते काय? आणि पुरत नसेल, तर ते टिकवण्यासाठी लागणारा वेळ व पैसा कोणी द्यायचा?

वैमानिकांच्या धंद्यात या प्रश्नाचा जो इतिहास घडला, त्याचे एक दुःखद पान आपल्याच गावात लिहिले गेले आहे. त्या पानाकडे येऊच. पण ते नीट वाचता यावे म्हणून आधी बरेच मागे जाणे भाग आहे.

वैमानिकाला विमान चालवण्याचा परवाना मिळतो, परंतु तेवढ्यावर त्याला ढगात शिरता येत नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. तिला इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात. उघड्या हवेत वैमानिकाला क्षितिजाची रेषा दिसते, आणि तिच्यावरून विमान सरळ आहे की कलले आहे हे तो ओळखतो. ढगात, दाट धुक्यात किंवा काळ्याकुट्ट रात्री समुद्रावर ही रेषा नाहीशी होते. मग समोरच्या तबकड्या एवढाच आधार उरतो. वेग, उंची, दिशा, चढउतार, वळण, आणि या सर्वांच्या मध्यभागी कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान कसे कलले आहे ते दाखवणारी तबकडी. या सगळ्या काट्यांवर नजर सतत फिरती ठेवून हाताने विमान सांभाळायचे, आणि त्याच वेळी शरीर जे सांगते ते ऐकायचे नाही, असे हे विलक्षण काम आहे.

शरीराचे ऐकायचे नाही ते का? जत्रेतल्या चक्री पाळण्यातून उतरलेले पोर जमिनीवर पाय ठेवते आणि भेलकांडते. पाळणा थांबलेला असतो, पण त्याच्या कानाच्या आतला द्रव थांबलेला नसतो. आपला तोल बराचसा या द्रवावर आणि डोळ्यांवर अवलंबून आहे. डोळे झाकले, की कान खुशाल खोटी साक्ष देतात. विमान सावकाश डावीकडे कलत गेले तर ढगातल्या माणसाला ते कळतच नाही, आणि कळल्यावर त्याने ते सरळ केले की आपण उजवीकडे कलंडलो असे त्याला वाटू लागते. १९२६ मध्ये विल्यम ऑकर नावाच्या अमेरिकन लष्करी वैमानिकाला वैद्यकीय तपासणीत डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसवले, आणि आपण कोणत्या बाजूला फिरतो आहोत हे त्या मुरलेल्या माणसाला सांगता आले नाही. त्याने या अपमानाचा सूड मोठा चांगला घेतला. वळण दाखवणारा काटा एका पेटीत बसवून तो पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसला आणि काट्याकडे पाहून बिनचूक उत्तरे देऊ लागला. पुढे त्याने उरलेली नोकरी इतर वैमानिकांना हेच पटवण्यात घालवली. आणि ते पटवणे त्याला फार जड गेले, कारण आपल्या अंगच्या जाणिवेवर विसंबू नका असे कसबी माणसाला सांगणे म्हणजे त्याच्या कसबाचाच अवमान, अशी समजूत होती.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. तबकड्यांवरून उडण्याचे शिक्षण न झालेले वीस जण घेतले आणि त्यांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती निर्माण करून दिली. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटले. सरासरी वेळ निघाला १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत.

या अडचणीवरचा तोडगा जेम्स डूलिटल याने २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर दाखवला. त्याची बैठक वरून कापडाने झाकली होती; बाहेरचे काही दिसत नव्हते. तशा स्थितीत त्याने विमान उडवले, फेरी मारली आणि ते खाली उतरवले. सोबतीला दुसरा वैमानिक बसला होता, पण त्याने हात लावला नाही. आंधळे उड्डाण असे त्या काळी या विद्येला नाव पडले.

विद्या सापडली, तरी ती हजारो हातांत उतरायला लागणारा वेळ वेगळाच असतो. एडविन लिंक या तरुणाची कहाणी आम्हाला म्हणूनच फार मोलाची वाटते. त्याच्या बापाचा बिंगहॅम्टन गावी पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्याकडच्या पेटीला जसा भाता असतो तसे भाते ऑर्गनला असतात. या पोराने कारखान्यातले भाते आणि हवेचे पंप घेऊन एक खोटे विमान तयार केले. आखूड पंखांचे, लाकडी, जमिनीला जखडलेले. पण आत बसून दांडा हलवला की ते खऱ्या विमानासारखे डुले आणि कले. वरून झाकण लावले की आतला माणूस अंधारात, आणि पुढ्यात तबकड्या. सरकारला ते घ्यावेसे वाटेना. ही पेटी करमणुकीच्या बागांतून पैसे टाकून बसण्याचे खेळणे म्हणून खपू लागली.

मग १९३४ साल उजाडले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खाजगी कंपन्यांबरोबरचे टपालाचे करार रद्द करून टपाल वाहण्याचे काम लष्करी वैमानिकांवर सोपवले. हे वैमानिक शूर होते. रात्री आणि हिवाळी वादळात तबकड्यांवरून उडण्याचा सराव मात्र त्यांतल्या बहुतेकांना नव्हता, आणि अवघ्या काही आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा कुठे लष्कराला लिंकच्या पेटीची आठवण झाली. खराब हवेमुळे लिंक काही येत नाही असे समजून अधिकारी उठायच्या बेतात होते, आणि तो त्याच धुक्यातून स्वतः विमान घेऊन उतरला, असे सांगतात. लष्कराने पहिल्या फेरीला सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात तर लाखो वैमानिक या पेटीत बसून तयार झाले. आज कोट्यवधी रुपये किमतीची जी सिम्युलेटर नावाची यंत्रे आहेत, त्यांची आजी ही ऑर्गनच्या भात्याची पेटी होय.

जीव जाऊ लागले तेव्हाच सरावावर खर्च झाला, हे येथे ध्यानात ठेवू.

आता आपल्या देशात येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून पुस मॉथ जातीचे लहानसे विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, आणि टपाल पुढे बेल्लारीवरून मद्रासकडे गेले. विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवर वाट दाखवणारे साधन नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारा पसारा पुण्याला हलवावा लागे. सह्याद्रीवर ढग उतरलेले असताना टपाल वेळेवर पोचवण्याचा या मंडळींचा लौकिक झाला. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण ते कसब थोड्यांचे आणि रोजच्या रोज उडणाऱ्यांचे होते, हेही खरे.

त्याहून आमच्या मनात भरते ती नागपूरची रात्रटपाल. ३० जानेवारी १९४९ पासून ही सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली अशा चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मध्यावर म्हणून हा मान त्याला मिळाला. आज टाकलेले पत्र उद्या हजार मैलांवर मिळे. हे काम बहुतेक डकोटा विमानांवर चाले. रात्रपाळी म्हणजे काय ते आपल्यापैकी गिरणी-कारखान्यातल्या लोकांना सांगायला नको. परंतु ही रात्रपाळी आषाढ-श्रावणातही आकाशात करायची होती. सराव कमी पडण्याचा प्रश्न तेथे नव्हता, कारण कामच रोज सराव करून घेत होते. तेथे प्रश्न थकव्याचा होता. सराव आणि विश्रांती या दोन्ही गोष्टी एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे पुढच्या काळात लोक वारंवार विसरले.

मराठवाडा तेव्हा नुकताच निजामी राजवटीतून मोकळा झाला होता. निजामाच्या रेल्वेने टाटांबरोबर भागीदारीत काढलेली डेक्कन एअरवेज ही कंपनी हैदराबादेस होती. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा इतर कंपन्यांबरोबर तीही इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

यानंतर जेट विमाने आली आणि चुकीला मिळणारी सवड कमी झाली. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नर तालुक्यातल्या डोंगरावर आदळले. ९४ माणसे गेली. आपण मुंबईच्या फार जवळ आलो असे समजून वैमानिकाने विमान वेळेआधी खाली घेतले होते. पावसाळी अंधारात डोंगर दिसण्याचा संभवच नव्हता. दहा वर्षांनंतर, २४ सप्टेंबर १९७२ रोजी (डूलिटलच्या उड्डाणाचीच तारीख) जपान एअरलाइन्सचे तसलेच विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या लहानशा धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी संपल्यावर पुढे गेले. तेथे वैमानिक बाहेर पाहून उतरत होता, आणि डोळ्यांनी दगा दिला. सुदैवाने कोणी दगावले नाही.

परंतु या साऱ्यांत वांद्र्याची गोष्ट वेगळी आहे. १ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघाले. विमानात २१३ माणसे. समुद्रावर पोचताच मुख्य वैमानिकाच्या पुढ्यातली कृत्रिम क्षितिजाची तबकडी बिघडली. विमान सरळ असताना ती उजवा कल दाखवू लागली. वैमानिकाने तो कल काढण्यासाठी विमान डावीकडे झुकवले, आणखी झुकवले. बाहेर पाहावे तर समुद्र आणि आकाश एकच काळे. सहवैमानिकापुढे दुसरी तबकडी होती, मध्ये तिसरी राखीव होती. मागे बसलेल्या इंजिनिअरने अखेरच्या क्षणी त्या बिघडलेल्या तबकडीवर जाऊ नका असे बजावले, पण तोवर फार उशीर झाला होता. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांनी विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. एकही जीव वाचला नाही.

मुख्य वैमानिक पन्नाशी ओलांडलेला होता आणि त्याच्या नावावर सुमारे अठरा हजार तासांचे उड्डाण होते. आता हा आकडा पाहून काय म्हणावे? अनुभव कमी होता असे कोणी म्हणू शकणार नाही. पण अठरा हजार तासांत ती विशिष्ट तबकडी ती विशिष्ट लबाडी किती वेळा करते? एकदाही करीत नाही. रोजच्या कामातून रोजच्या कामाचा सराव होतो. जे प्रसंग रोज येत नाहीत त्यांचा सराव मुद्दाम करावा लागतो, आणि तो पेटीतच करावा लागतो. एका काट्याची साक्ष दुसऱ्या दोन काट्यांकडून तपासून घेण्याची सवय हाताला इतकी पक्की लागायला हवी, की घाबरलेले डोकेही ती मोडू शकणार नाही. आमच्या मते सरावाचा खरा अर्थ हा आहे.

आता आपल्या गावाचे पान. २६ एप्रिल १९९३, दुपारची एकची वेळ. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघाले. ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी. एप्रिलमधले आपल्याकडचे दुपारचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. तापलेली हवा पातळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो, आणि भरलेल्या विमानाला जास्त लांब धावावे लागते. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाशी जाऊन जमीन सोडते झाले. पलीकडून बीड रस्ता जात होता, आणि त्या क्षणी रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक होता. विमानाची डावी चाके आणि डावे इंजिन त्या गाठींवर आपटले. तशा स्थितीत विमान आणखी सुमारे तीन किलोमीटर गेले, विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकले आणि पडले. ५५ माणसे गेली, ६३ वाचली.

गावात पुष्कळांच्या आठवणीत तो ट्रक राहिला आहे. कापूस हे आपले पीक, गाठी आपल्या जिनिंग-प्रेसिंगच्या, रस्ता आपला. म्हणून ते चित्र मनातून जात नाही. परंतु चौकशीने जी कारणे सांगितली ती दोन आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि ते उचलण्याची पद्धत चुकीची होती. दुसरे, उड्डाणांच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्याचे काम नॅशनल एअरपोर्ट्स ऑथॉरिटीने केले नाही.

पहिल्या कारणातला ‘पद्धत’ हा शब्द आम्हाला थांबवतो. विमान धावत असते तेव्हा वेगाचा काटा चढत जातो. ठरलेल्या आकड्यावर काटा आला की दुसरा वैमानिक मोठ्याने सांगतो, आणि पहिला नाक उचलतो. तेही हिसका देऊन नाही आणि रेंगाळतही नाही, सेकंदाला दोन-तीन अंश अशा बेताने. पाहायला साधी गोष्ट आहे. लेथवर शेवटचा हात फिरवताना टर्नर हत्यार जितक्या बेताने पुढे नेतो तितकीच ती नाजूक आहे. अशा हालचालीत दोष एका दिवसात शिरत नाही, असे आमचे सर्वसाधारण निरीक्षण आहे. सवय हळूहळू ढिली पडते. लांब धावपट्टीवर ती खपून जाते, थंड हवेत खपून जाते, आणि कोणी तपासणारा शेजारी बसलेला नसला की वर्षानुवर्षे खपून जाते. तपासणी असते ती यासाठी. तपासनीस म्हणजे पोलीस असे मानण्याची आपल्या कामगारांची खोड आहे. मालकांनीही ती वाढवली, कारण तपासणीचा उपयोग त्यांनी शिकवण्याऐवजी शिक्षेसाठी केला.

दुसऱ्या कारणाबद्दल एवढेच सांगतो, की कामगाराची चूक सापडली की व्यवस्थेची चूक दुसऱ्या क्रमांकावर छापायची हा रिवाज कारखान्यांत जसा आहे तसाच आकाशातही दिसतो. नाक उशिरा उचलले गेले तरी रस्ता मोकळा असता, तर काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

याच वर्षाच्या आरंभी घडलेली एक गोष्ट आम्हा युनियनवाल्यांना बाजूला ठेवता येत नाही. १९९२ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. सेवा चालू ठेवण्यासाठी बाहेर देशांतून वैमानिकांसह विमाने भाड्याने आणली. त्यांतले उझबेकिस्तानचे एक टुपोलेव्ह विमान ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले आणि पेटले. आतली सर्व १६५ माणसे वाचली हे नवलच म्हणायचे. संपाचा हक्क आम्ही कधीही सोडणार नाही. परंतु ज्या धंद्यात हात काही आठवडे थांबला की बोथट होतो, तेथे तडजोडीच्या कागदात पगाराच्या कलमाबरोबर पुन्हा सरावाचे कलम असलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. बदली माणूस आणणाऱ्याने त्याचा या हवेतला, या धावपट्टीवरचा सराव तपासला का, हेही विचारण्याचा संपकऱ्याला आणि प्रवाशाला हक्क आहे.

नियम आज बरेच कडक आहेत. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये बसून कसाची परीक्षा द्यावी लागते. तेथे उडतानाच एक इंजिन बंद पाडतात, तबकडी बिघडवतात, धुके घालतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग वर्षाचे वर्षाला नवे करावे लागते. गेल्या नव्वद दिवसांत ठराविक उड्डाणे आणि उतरणी झालेली नसतील तर प्रवासी घेऊन जाता येत नाही. अमेरिकेत खाजगी वैमानिकालाही सहा महिन्यांत सहा वेळा तबकड्यांवरून उतरण्याचा सराव दाखवावा लागतो, नाहीतर ढग त्याला बंद. आमच्या ओळखीच्या जगात याला जुळणारी गोष्ट म्हणजे दाबाच्या टाक्यांचे काम करणारा वेल्डर. ज्या पद्धतीच्या वेल्डिंगची परीक्षा तो उत्तीर्ण झाला, त्या पद्धतीने सहा महिन्यांत एकदाही काम केले नाही, तर त्याची पात्रता संपते. अमेरिकन संहितेतला हा नियम आपल्याकडचे कारखानेही पाळतात. वेल्डरला त्याचा राग येत नाही. महिनोन्‌महिने आपल्याला दुसऱ्याच कामावर टाकून मग पात्रता गेली म्हणून दर कमी करतात, याचा राग येतो.

नियम कागदावर असला तरी पाळी लावणारा माणूस तो कसा वापरतो, यावर सगळे येऊन ठेपते. २०२३ च्या डिसेंबरअखेर दिल्लीत दाट धुके पडले. अशा धुक्यात उतरण्याची खास यंत्रणा तेथे आहे, आणि तिचे खास शिक्षण घेतलेल्या वैमानिकांनाच ती वापरता येते. तरीही कित्येक विमाने दुसरीकडे वळवावी लागली, कारण धुक्याच्या दिवसांत असे शिक्षण झालेले वैमानिक त्या फेऱ्यांवर लावलेलेच नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडिया आणि स्पाइसजेट यांना प्रत्येकी ३० लाख रुपये दंड केला. दिल्लीत दर हिवाळ्यात धुके पडते. ते अचानक आलेले संकट नव्हते.

त्याआधी २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली प्रवासी विमाने साथीमुळे बंद होती, आणि पुढेही फार दिवस थोडीच उडत होती. जगभर हजारो हात एकदम सरावाबाहेर गेले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला कोझिकोडला पावसात एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीच्या मध्यापर्यंत तरंगत जाऊन उतरले आणि टोकावरून खाली गेले. २१ माणसे गेली. ठरलेली कार्यपद्धती वैमानिकाने पाळली नाही, असे चौकशीने सांगितले. पण त्याबरोबर हेही नोंदवले, की त्या तळावर मुख्य वैमानिक अपुरे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी चालवायची असल्याने तेथेच उतरण्याची ओढ त्याच्या मनावर होती. माणसांची कमतरता अशी थेट वैमानिकाच्या खुर्चीपर्यंत पोचते.

थकव्याबद्दलचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये ठरले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या उतरणींवर मर्यादा, अशी त्यांतली मुख्य कलमे. ती अमलात यायला वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २०२५ च्या जुलै व नोव्हेंबरात ती दोन टप्प्यांत लागू झाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक तिने पाळ्यांवर उभे केलेले नव्हते. प्रवाशांचे अतोनात हाल झाले, आणि तिला नियमांतून काही काळ सूट मिळाली. आठ तासांच्या दिवसाची मागणी झाली तेव्हाही गिरण्या बंद पडतील असे सांगण्यात आले होते.

नियमाच्या भाषेत सिम्युलेटरचे तास ड्यूटीत धरतात, हे आम्हाला मान्य आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. परंतु त्या तासांची तयारी माणूस केव्हा करतो? नवी परिपत्रके, बदललेले नकाशे, जाड पुस्तके. हे सारे घरी, सुट्टीच्या दिवशी, मुले झोपल्यावर. दुसरी एक अडचण यंत्राने आणली आहे. आज विमान बहुतेक वेळ स्वयंचलित यंत्रच चालवते, आणि कंपन्यांनाही इंधनासाठी ते बरे वाटते. मग हाताने चालवण्याचा सराव कुठे व्हायचा? अमेरिकेच्या विमान खात्याने जानेवारी २०१३ मध्ये कंपन्यांना सूचना दिली, की शक्य तेथे वैमानिकांना हाताने विमान चालवू द्यावे. ज्या कारखान्यात संगणकी लेथ आली तेथे जुन्या टर्नरचे काय झाले, ते वाळूजला जाऊन कोणीही पाहावे. बटण दाबणारा म्हणून त्याचा दर ठरला, आणि यंत्र अडले की हाक त्यालाच.

शेवटी ज्यांना अजून कोणताच मालक नाही त्यांच्याबद्दल सांगायचे आहे, कारण असे तरुण-तरुणी आपल्या मराठवाड्यातूनही निघू लागले आहेत. बाप शेत किंवा घर गहाण टाकतो, लाखो रुपये भरून पोरगे व्यावसायिक परवाना आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळवते, आणि मग नोकरीची वाट पाहत बसते. एक वर्ष जाते, कधी दोन. रेटिंगची मुदत तर दर वर्षी संपते. ते नवे करायला पुन्हा विमानाचे तास विकत घ्यायचे, पुन्हा परीक्षेची फी भरायची. न भरावे तर कागदही जातो आणि हातही. नोकरीतल्या वैमानिकाचा हा खर्च कंपनी करते. याचा खर्च तोच बाप करतो. कामगार कायद्यात बेकाराच्या सरावाला खाते नाही, आणि आमच्या संघटनांच्या मागणीपत्रांतही हे कलम आजवर आलेले नाही. उमेदवारांना विद्यावेतन द्यावे असा कायदा १९६१ मध्ये होऊ शकला, तर मुदत संपत आलेल्या रेटिंगसाठी सरकारी सिम्युलेटरवर ठराविक तास फुकट किंवा अल्प दरात का मिळू नयेत? हा प्रश्न आम्ही येत्या अधिवेशनात मांडणार आहोत. ज्यांच्या घरी असा परवाना कपाटात पडून आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबून आपला खर्च आणि तारखा आम्हाला लिहून द्याव्यात.